स्वतः बसवलेली घराची अलार्म सिस्टीम, एक गणपती आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

आमचं डोंबिवलीत टू बीएचके आहे, तिसरा मजला, आणि कुडाळजवळ सासऱ्यांचं कौलारू घर. म्हणजे चोराची सोयच, एक उघडं असलं की दुसरं बंद. गणपतीत आमची अर्धी बिल्डिंग कोकणात असते, दारोदार कुलपं दिसतात. काही वर्षांपूर्वी आमच्याच बी विंगमधला एक फ्लॅट गणपतीतच फोडला होता, समोरच्या घरात माणसं जागी होती, टीव्ही चालू होता, कुणाला काही ऐकू आलं नाही. तेव्हापासून दरवर्षी ठरायचं की काहीतरी बसवू आणि दरवर्षी सामान बांधण्यात ते राहून जायचं. २०२५ च्या जुलैमध्ये शेवटी घेतलं.

आधी एका सीसीटीव्हीवाल्याला बोलावलं होतं. त्याने चार कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा), हार्ड डिस्क आणि वायरिंग मिळून २१ हजार सांगितले आणि वर नुकत्याच रंगवलेल्या हॉलमधून पट्टी फिरवणार म्हणाला. रंगाचं नाव काढल्यावर मी त्याला चहा देऊन पाठवून दिलं. मग ठरवलं की आपणच बसवू, ड्रिल मशीन घरात आहे आणि ते मीच चालवते (नवऱ्याने एकदा कॅलेंडरच्या खिळ्यासाठी टाइल फोडली आहे, जास्त बोलत नाही).

पंधरा दिवस व्हिडिओ बघितले. बरेचसे अमेरिकेतले, सिम्पलीसेफ, रिंग वगैरे कंपन्यांचे, तिकडे महिन्याला पैसे भरले की अलार्म वाजल्यावर कंपनीचा माणूस फोन करतो आणि पोलिसांना कळवतो. हे बघून आपल्याला वाटतं आपल्याकडेही तसंच असेल. पण दुकानात किंवा ऑनलाइन जे स्वतः बसवायचे सेट मिळतात त्यात असं कुणी बसलेलं नसतं, अलार्म वाजला की तो तुमच्या फोनवर वाजतो आणि पुढे ११२ लावायचा की शेजाऱ्यांना, ते तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून माझं मत असं झालं की मेगापिक्सेल आणि नाइट व्हिजन नंतर, आधी हे ठरवा की भोंगा वाजला तर दाराशी पहिलं कोण पोचणार. आमच्याकडे समोरच्या काकू. सगळी खरेदी मी काकूंना धरून केली असं म्हटलं तरी चालेल, फक्त एक गोष्ट विसरले, ती पुढे सांगते.

मी घेतला तो सेट असा: एक पॅनल (म्हणजे बाकी सगळं ज्याला जोडतात तो मुख्य डबा), दारांचे दोन सेन्सर, हालचाल ओळखणारा एक सेन्सर, वायरलेस भोंगा, दोन रिमोट. ६ हजारांच्या आत आला. वर एक वायफाय कॅमेरा वेगळा, सवादोन हजार. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि शिवाय हे सेट पाच-सहा नावांनी मिळतात, आतला माल बघायला गेलं तर एकाच साच्यातला वाटतो. नाव विचारण्यापेक्षा मी काय तपासलं आणि काय तपासायला हवं होतं ते ऐका.

पहिला दिवस वायफायमध्येच गेला. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, पॅनल आणि कॅमेरा दोन्ही फक्त २.४ वर चालतात, या किमतीतले बहुतेक तसेच असतात, आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं. फोन ५ वर, कॅमेरा २.४ शोधतोय, अ‍ॅप म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा, मी सात वेळा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं दिली आणि अर्ध्या मिनिटात जोडलं गेलं. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दाराचा सेन्सर म्हणजे दोन डब्या असतात, एकीत चुंबक आणि दुसरीत काचेच्या नळीतला एक बारीक स्विच. दार उघडलं की चुंबक लांब जातो, स्विच सुटतो, पॅनलला कळतं. सोपं आहे, पण मी शहाणपणा करून तो आधी बाहेरच्या लोखंडी सेफ्टी डोअरला लावला. लोखंडावर चुंबकाचं गणित बिघडतं, दार बंद असलं तरी अ‍ॅप म्हणायचं उघडं आहे. मग आतल्या लाकडी दाराला लावला, दोन डब्यांत सेंटीमीटरभर फट ठेवून, आणि एकदम नीट चालला. लावताना सोबत आलेला डबल टेप वापरला, भिंत रंगवलेली म्हणून ड्रिल नको म्हटलं. ही चूक नंबर दोन.

२४ ऑगस्टला आम्ही निघालो, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर, मांडीवर मखराचं सामान. रत्नागिरीच्या अलीकडे फोन वाजला, "मुख्य दरवाजा उघडला". माझ्या पोटात गोळा. काकूंना फोन लावला, त्या म्हणाल्या थांब बघते, आणि तेवढ्यात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे तो, एरवी मुलं ओरडतात मजा म्हणून, त्या दिवशी मी काळ्या खिडकीत स्वतःचं तोंड बघत बसले होते. नवरा म्हणतोय काही नसेल गं, आणि स्वतःच फोन वर धरून रेंज शोधतोय.

बोगद्यातून बाहेर आलो तर अकरा मिस्ड कॉल. झालं होतं असं की दमट हवेने डबल टेप सुटला आणि चुंबकाची डबी खाली पडली. पॅनलला वाटलं दार उघडलं. मी त्या सेन्सरला भोंग्याआधी साठ सेकंदांची सूट दिली होती, आपण घरात शिरल्यावर बंद करायला वेळ मिळावा म्हणून, त्यामुळे तिकडे तोपर्यंत शांतता होती. काकूंनी बघितलं, कुलूप शाबूत, म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या चावीने दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि त्याच वेळी भोंगा सुरू. रिमोट कुठे होते? दोन्ही माझ्या पर्समध्ये, करबुड्याच्या बोगद्यात. ११० डेसिबल लिहिलंय त्यावर, खरं असावं, कारण पाच मिनिटांत चार मजल्यांची माणसं, वॉचमन आणि इस्त्रीवाला आमच्या हॉलमध्ये जमले होते आणि मधे काकू दोन्ही कानांवर हात ठेवून उभ्या. इस्त्रीवाल्याने खुर्चीवर चढून भोंगा काढला आणि उशीखाली दाबला. बाहेर आल्यावर मी फोनवरून बंद केला तेव्हा उशीखालून आवाज थांबला.

"अगं दाराखाली एक पांढरी डबी पडलीय, तुझीच ना?" एवढंच काकू म्हणाल्या. मला रडू का हसू कळेना.

पण नंतर विचार केला तर सिस्टीम पास झाली होती. बी विंगला कुणाला काही ऐकू आलं नव्हतं, इथे अख्खी विंग हजर. फ्लॅटसाठी म्हणूनच मी सांगते, पैसे कमी असतील तर कॅमेरा सोडा आणि दाराचा सेन्सर आणि मोठा भोंगा घ्या. कॅमेऱ्यात चोर दिसतो, दिसल्यावर तुम्ही कुडाळला बसून करणार काय. परत आल्यावर एक रिमोट काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला आणि डब्या ६ मिमीच्या बिटने भोकं पाडून स्क्रूने लावल्या. रंगाचं काय व्हायचं ते झालं.

हालचालीच्या सेन्सरबद्दल. तो उष्णतेतला बदल बघतो, माणूस ओळखत नाही, त्यामुळे बाल्कनीतल्या उन्हाकडे तोंड करून लावू नका, आणि तो आडवं चालणाऱ्याला लवकर पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणाऱ्याला उशिरा, म्हणून दाराच्या समोर न लावता बाजूच्या कोपऱ्यात लावा. आमच्याकडे पहाटे पावणेतीनला तो दोनदा वाजला, कारण एक पाल बरोबर त्याच्या भिंगावर येऊन बसायची. आता ट्यूबलाइटपासून लांब लावलाय, तेव्हापासून ठीक आहे.

आता लाइट. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की फोनवर काही येत नाही, भोंगा तेवढा वाजेल. पॅनलमध्ये बॅटरी आहे, आमच्याकडे पाचेक तास चालली, पण राउटरला नव्हती. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो राउटरचा, दीड हजाराच्या आसपास, तो घ्याच, मी सगळ्यात शेवटी घेतला आणि सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. पॅनलमध्ये सिम टाकायची सोय आहे, नेट गेलं तर फोन करतो, छान. पण आतला मोडेम टू-जी निघाला आणि मी घातलं जिओचं सिम. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही तर ते बिचारं लागणार कुठे. तीन दिवस मी सेट खराब आहे म्हणून कस्टमर केअरशी भांडत होते आणि तीन दिवस तिकडच्या कुणालाही हे सांगता आलं नाही, फक्त रीसेट करा, रीसेट करा. शेवटी दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं आणि पहिल्या रिंगला लागलं. या सर्व्हिसचे मी अर्धा स्टार कापते.

कॅमेरा आधी दाराबाहेर लावणार होते पण त्यात काकूंचं अख्खं दार दिसत होतं, सेक्रेटरी येण्याआधी मलाच बरं वाटेना. आत लावला, दाराकडे तोंड करून. मेमरी कार्ड १२८ जीबीचं, सलग रेकॉर्डिंगला पाच-सहा दिवस पुरतं मग जुनं पुसत जातं, म्हणजे दहा दिवसांनी परत आलात तर पहिले दिवस गेलेले असतात, हे ध्यानात ठेवा. सलग लिहून साधं कार्ड लवकर मरतं, कॅमेऱ्यासाठीचं हाय एन्ड्युरन्स म्हणून मिळतं ते घ्या. आणि पासवर्ड. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, काही चलाखी नाही, कारखान्यातून आलेला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन छाप पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून नेटला जोडायच्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झालीय, तेव्हा नवीन घेताना विचारा, दुकानदार जुना स्टॉक पुढे करतात. बेडरूममध्ये मात्र कॅमेरा कुठल्याच कंपनीचा लावू नका, हे माझं ठाम मत.

कुडाळच्या घराला हाच सेट लावून बघितला आणि हात टेकले. चिऱ्याच्या भिंती, एका खोलीतलं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचत नाही. दाराला सेन्सर लावून उपयोग काय, चोर दाराने कशाला येईल, दोन कौलं सरकवली की माजघरात. आणि भोंगा वाजला तर ऐकणार कोण, सगळ्यात जवळचं घर कुळागराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, पलीकडे. तिथे मी शेवटी सिमवर चालणारा सोलर पॅनलचा कॅमेरा लावला खळ्यात म्हणजे अंगणात, आयपी ६६ वाला, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देणारा. तो सतत रेकॉर्ड करत नाही, हालचाल झाली की जागा होतो, आणि आमच्याकडे तो जागाच असतो. वाडीतल्या पुतण्याला अलर्ट जातात. पहिल्या आठवड्यात मी घाबरून रात्री त्याला फोन केला तर तो म्हणाला, "वयनी, खयचो चोर, माकडा आसत ती." माकडं झाली, मग कोळी. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो, वाऱ्याने जाळं हललं की आमचे फोन वाजतात. आणि जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा बॅटरी चार टक्क्यांवर आली, पुतण्याने काढून घरी नेला, चार्ज करून परत लावला. म्हणजे पावसाळ्यात तो कॅमेरा माणसावर चालतो, सोलरवर नाही.

डोंबिवलीच्या सेटला माझ्याकडून साडेतीन स्टार. कुडाळच्या कॅमेऱ्याला अडीच, पुतण्याला पाच. आणि काकू आता तुळशीला पाणी घालायला आल्या की दाराबाहेर उभं राहून आधी रिमोट दाबतात, मग आतून बीप ऐकू येईपर्यंत दार उघडत नाहीत, एका हाताने कान धरलेला असतो.