घरी दात उजळवायचा ट्रे आणि जेल : आठ महिने वापरून

दवाखान्यात दातांचं माप घेऊन बनवलेले मऊ पारदर्शक ट्रे, वरचा आणि खालचा, आणि सोबत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलच्या सिरिंज. सगळे मिळून सात हजारांच्या आसपास गेले, स्केलिंगचे, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढायचे, वेगळे. पिवळेपणा उतरला आणि बराचसा उतरलेलाच आहे. पण माझ्या दातांवर तीन तऱ्हेचे रंग होते, त्यातला एकच या जेलने नीट गेला. म्हणून पैसे घालण्याआधी आपला डाग कुठल्या जातीचा, ते तपासून घ्या.

माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यात बोअरच्या पाण्यावर गेलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, त्याहून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिलं की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, नीट घट्ट होत नाही आणि दात उगवतात तेच पांढुरके पट्टे घेऊन. प्रमाण फारच असेल तर तपकिरी. माझ्या वरच्या पटाशीच्या दोन दातांवर असे ढगाळ पट्टे आहेत. त्यावर वर्षानुवर्षांचा चहा. शिवाय चाळिशीनंतरचा पिवळेपणा, तो वेगळाच. वरचं एनॅमल झिजून पातळ होतं आणि आतलं मुळातच पिवळसर असलेलं डेंटिन डोकावायला लागतं.

चहाचे डाग आणि किटण स्केलिंगमध्येच निघालं. खरं तर पुष्कळ जणांचं काम एवढ्यावरच भागेल. मशेरी, तंबाखू, चहा, हिरड्यांच्या उपचारात दिलेल्या क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, या सगळ्यांचे डाग बहुतेक वरवरचे असतात. ‘स्केलिंगने दात ढिले होतात’ असं आमच्याकडे अजून म्हणतात. किटण निघालं की त्याने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, जिभेला तिथे रिकामं लागतं, बाकी काही नाही.

आता जेल. कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात फुटतं तेव्हा त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, १० टक्क्यांच्या जेलमधून साधारण साडेतीन टक्के. ते एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग धरून बसलेल्या रेणूंची मोडतोड करतं. रात्री ट्रे घालून झोपायची ही पद्धत हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ साली मांडली, तेव्हा काही कालपरवाची टूम नाही.

ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढाच ठिपका द्यायचा. सुरुवातीला माझा हात सैल होता. ट्रे दाबला की जेल काठातून हिरडीवर यायचं, आणि ते तिथेच राहिलं की सकाळी हिरडीची कड पांढरी पडून चुरचुरायची. दुपारपर्यंत रंग जागेवर यायचा. मग ट्रे बसवल्यावर कडेने ओला कापूस फिरवायची सवय लावून घेतली. ट्रे गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्यात तो आकार सोडतो. जेल फ्रीजमध्ये राहतं. आमच्याकडे ते कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असायचं आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारायचा.

दुसऱ्या आठवड्यात दात आंबल्यासारखे झाले. माठातलं पाणीसुद्धा झोंबायचं, मधूनच खालच्या पुढच्या दातातून कळ जायची. डॉक्टरांनी रोजच्याऐवजी एक रात्र आड करायला सांगितलं आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली. आठवडाभरात निवळलं. हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकांचा जातो. पण कीड असलेला किंवा चीर गेलेला दात आधी दुरुस्त न करता जेल लावू नका. गरोदर बाया आणि अठराच्या आतली मुलं यांनी तर थांबावंच.

सगळ्यात घाबरवणारा भाग पट्ट्यांचा. पहिल्या काही दिवसांत ते आणखी पांढरे, उठून दिसायला लागले. माझ्या जावेने तर ‘हे काय करून घेतलंस’ म्हणून विचारलं. पुढे आजूबाजूचा दात उजळला तसा फरक कमी झाला, पण पट्टे आहेत. ते घालवायचे तर सौम्य आम्ल आणि बारीक खरखरीत लेप घासून एनॅमलचा वरचा पापुद्रा काढतात, नाहीतर पट्ट्यात पातळ रेझिन जिरवतात. मला त्याची गरज वाटत नाही.

दुसरी अडचण मला कोणी आधी सांगितली नव्हती. जेल फक्त खऱ्या दाताचा रंग बदलतं. कॅप, व्हिनिअर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा), पुढच्या दातातलं सिमेंट होतं तसंच राहतं. माझ्या एका दाताच्या कोपऱ्यातलं जुनं फिलिंग एकटंच पिवळं दिसू लागलं. ते बदलावं लागलं आणि तेही लगेच नाही. जेल थांबवल्यावर दोन आठवडे जाऊ दिले, कारण तोवर दाताचा रंग स्थिरावत नाही आणि नवं सिमेंटही नीट धरत नाही. हा खर्च आधीच धरून चला.

मार खाऊन आतून मेलेला, करडा पडलेला एखादाच दात असेल तर ट्रेचा फारसा उपयोग नाही. रूट कॅनल करून आतून ब्लीच करतात. लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकमुळे पडलेल्या करड्या पट्ट्यांना कित्येक महिने लागतात, तरी पूर्ण जातीलच असं नाही. कोळशाची पावडर, लिंबू आणि खायचा सोडा यांच्या वाटेला जाऊ नका. लिंबाचं आम्ल एनॅमल मऊ करतं, वरून घासलं की ते निघून जातं आणि आतलं पिवळं डेंटिन आणखीच उघडं पडतं.

सध्या चहा दोन वेळा चालूच आहे, हळदही. मध्यंतरी उजळपणा किंचित कमी झाल्यासारखा वाटला तेव्हा दोन रात्री ट्रे लावला, तेवढ्याने भागलं. ट्रे अजून घट्ट बसतो, पुढच्या वेळी फक्त जेलची सिरिंज आणावी लागेल. तिच्यावरची मुदत बघून घ्या, जुनं झालेलं जेल कामच करत नाही.