अकरा महिने, एक टू बीएचके आणि अण्णा: घरातल्या बदलांचा अनुभव

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. एसटीत वाहक म्हणून ३३ वर्षं काढली, बरीचशी स्वारगेट डेपोत. अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी एका रात्री संडास सापडेना म्हणून ते बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीपाशी जाऊन उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घराला हात घातला. काय टिकलं नि काय फुकट गेलं ते लिहिते. ज्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले ते सगळ्यात आधी माळ्यावर गेलं.

ते म्हणजे जीपीएसचं घड्याळ, साडेसहा हजारांचं. अण्णांच्या मनगटाला चावीच्या एचएमटीची सवय. हे रबरी पट्ट्याचं डबडं दुसऱ्या कुणाचंतरी आहे म्हणून ते काढून ठेवायचे. एकदा तांदळाच्या डब्यात सापडलं. शेवटी एचएमटी परत बांधलं आणि शिंप्याकडून प्रत्येक सदऱ्याच्या आतून नाव नि फोन नंबर शिवून घेतला. कॅमेऱ्याचंही तेच. नणंद नाशिकहून मोबाइलवर बघायची आणि मी कुकर लावत असताना फोन करायची, ‘अण्णा उठले बघ.’ दीड महिन्यात काढला.

आता संडास-बाथरूम, कारण खरी लढाई तिथेच आहे. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरं बेसिन. बिल्डरने दिलं तेव्हा आम्हाला केवढं स्वच्छ वाटलं होतं! अण्णांना त्यात कमोड दिसतच नव्हता. ते आत जायचे, उभे राहायचे, बाहेर यायचे, आणि मग पायजमा ओला. आम्ही समजलो ताबा सुटला. चौदाशे रुपयांची गडद निळी सीट बसवली आणि त्याच आठवड्यात निम्मा प्रश्न सुटला. आधार म्हणून आधी व्हॅक्यूमने चिकटणारी दांडी आणली होती. ती माझ्याच हातात निघून आली, तेव्हा तो प्रकार घेऊच नका. भिंतीला भोकं पाडून स्टीलची पक्की दांडी लावली. तीही चकाकत्या टाइल्सवर दिसेना, म्हणून तिला लाल टेप गुंडाळली. आतली कडी काढून टाकली, कारण एकदा ते आत अडकले आणि पाऊण तास सुताराची वाट बघावी लागली. वर-खाली करायचा नळ त्यांना उमगत नव्हता, म्हणून जुना फिरवायचा नळ, बादली आणि तांब्या. गीझर ५० अंशांवर. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, आणि अण्णा हात मागे घ्यायला वेळ लावतात.

बाथरूमच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी असते ना, बहुतेक फ्लॅटमध्ये असते. अण्णा तिथे थबकायचे. पाय उचलून हवेत धरायचे, मग मागे घ्यायचे. गुडघेदुखी असेल म्हणून आम्ही तेल चोळत होतो. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, ‘त्यांना हा खड्डा दिसतोय.’ फिकट जमिनीवर गडद पट्टा म्हणजे भोक, चकाकणारी फरशी म्हणजे सांडलेलं पाणी. त्यांना खोल-उथळ कळत नाही, फक्त रंग कळतो. पट्टीवर फरशीच्याच रंगाचा विनाइल चिकटवला, काळं पायपुसणं फेकलं, पॉलिश करणाऱ्या माणसाला कायमचा रामराम. दुसऱ्याच दिवशी अण्णा सरळ आत गेले. बाई दारात उभ्या होत्या आणि मी रडत होते.

उजेडाला मात्र आधी चुकलो. माणूस आला की आपोआप लागणारे दिवे लावले, तर अण्णा मध्येच उभे राहून विचारायचे, ‘कोण आहे तिकडे?’ आता पलंगापासून संडासापर्यंत भिंतीच्या कडेने पिवळसर पट्टीदिवा रात्रभर चालू असतो. म्हाताऱ्या डोळ्यांना आपल्या दुप्पट तरी उजेड लागतो. त्यामुळे साडेपाचलाच सगळे दिवे लावते आणि पडदे ओढते, नाहीतर अंधार पडला की खिडकीच्या काचेत माणूस दिसतो आणि अण्णा त्याच्याकडे तिकीट मागतात. (हसायला येतं. त्या माणसाने उत्तर दिलं नाही की अण्णा चिडतात, तेव्हा येत नाही.)

स्वयंपाकघरात आमचा पराभव झाला. गॅस नको म्हणून इंडक्शन आणली. तिच्यावर ज्योत नाही, बटणं नाहीत, नुसती काच. अण्णांनी लायटर घेऊन काचेवर खटखट केलं. आता रेग्युलेटर बंद करून ठेवते, चहा थर्मासमध्ये, आणि ओट्यावर पारदर्शक बरणीत साखर. ओतायचं, साखर घालायची, ढवळायचं काम त्यांचं. उकळी आणण्याचा मान गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पांढऱ्या ताटातला दहीभात ते अर्धा ठेवायचे, गडद निळ्या ताटात संपवतात. बोस्टन विद्यापीठात २००४ साली लाल ताटं देऊन पाहिलं होतं, खाणं पाव हिश्श्याने वाढलं. रुग्ण नऊच होते, म्हणून फार ताणू नये, पण आमच्या घरी दहावा आहे.

पहाटे चारला ‘पहिली फेरी आहे’ म्हणून अण्णा निघतात. दारावर पडदा लावून पाहिला. त्यांनी शांतपणे बाजूला सारला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये एका वृद्धाश्रमाबाहेर बसथांबा आहे, तिथे बस येतच नाही. निघालेली माणसं त्यावर बसतात, कर्मचारी गप्पा मारून परत आत नेतात. मला ही फसवणूक वाटायची. आता आमच्याही दाराशी खुर्ची आहे. दाराला चुंबकाची साडेतीनशेची घंटी आहे, ती वाजली की नवरा उठून शेजारी बसतो. ‘गाडी लागली का?’ ‘अजून नाही अण्णा.’ वीस मिनिटांत झोप येते. कुलूप घालायचं आम्ही टाळलंय. वॉचमनलाही सांगून ठेवलंय, हात धरू नको, नुसता सोबत चाल.

संडासाच्या दारावर पेंटरकडून एसटीच्या बोर्डासारखी पाटी करून घेतली होती, ठसठशीत अक्षरांत ‘संडास’. आठ महिने भन्नाट चालली. बदललेल्या रस्त्यावरही पाटी वाचायची त्यांची सवय होती ना. आता ते पाटी मोठ्याने वाचतात आणि पुढे निघून जातात. अक्षर कळतं, अर्थ पोचत नाही. म्हणून गेल्या रविवारी पलंग फिरवला आणि सुताराकडून दारच काढून घेतलं. उशीवरून निळी सीट सरळ समोर दिसते. पाहुणे आले की पडदा ओढतो.