चिंगी, भुरी आणि गवताचे आठ महिने

गेल्या मे महिन्यात लेकीच्या हट्टापायी चिंगी आणि भुरी या दोन गिनी पिग घरी आल्या. दोघी बहिणी, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांच्या. पिंजरा, पाण्याची बाटली, लपायला लाकडी घर असं सगळं आणलं, पण गवताचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. दुकानदाराने रंगीत दाण्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "हेच घाला, सगळं मिळतं यातून." साफ चूक. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजायचे तर लांब काड्यांचं वाळलेलं गवत दिवसरात्र चघळायला हवं. खाण्यातला साधारण ऐंशी टक्के वाटा गवताचाच.

हे कळल्यावर जूनच्या शेवटी ऑनलाइन टिमोथी नावाचं वाळलेलं गवत मागवलं, एकदम दोन किलो, स्वस्त पडतं म्हणून. पिशवी फोडली तर जुन्या गोणपाटासारखा कुबट वास. रंग तपकिरी, मूठभर झटकलं की धूळ, आणि तळाशी पांढरट बुरशी. भुरी दोन दिवस शिंकत होती. विकणाऱ्याने परत घेतलं नाही, "नैसर्गिक वस्तू आहे" म्हणे. सगळं कचऱ्यात.

मग सासऱ्यांना फोन. ते राहुरीकडचे, घरी गाई. "गवत वाळवून मिळेल का?" विचारलं, तर पुढच्या आठवड्यात अर्धी गोणी घास पाठवून दिला. तिकडे घास म्हणजे लसूणघास, दुसरं काही नाही. हिरवागार, पानांनी भरलेला. दोघी अक्षरशः तुटून पडल्या. सकाळी पिशवीची खसखस ऐकू आली की शिट्ट्या सुरू! मला वाटलं, सुटला प्रश्न, तोही फुकटात.

ऑक्टोबरमध्ये चिंगीच्या खालच्या कापडावर पांढरे डाग दिसू लागले. वाळल्यावर बोटाने चोळले तर खडूच्या भुकटीसारखे कचकचायचे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अल्फाल्फा घालता का?" मी ठामपणे नाही म्हटलं. महागड्या परदेशी पाकिटावर ते नाव वाचलं होतं, आम्ही कधी आणलं नव्हतं. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि मी कपाळाला हात लावला. अल्फाल्फा, लुसर्न, लसूणघास हे सगळं एकच. टिमोथीच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला चालतं, सहा महिन्यांनंतर नको. जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं आणि साचत गेलं की खडा होतो. आमच्या नशिबाने खडा नव्हता, नुसता गाळ होता. सासऱ्यांची चूक नाही, दुभत्या गाईला तोच घास उत्तम.

आता पुन्हा टिमोथी, या वेळी दुसरीकडून आणि अर्धाच किलो. हे थंड हवेतलं गवत, त्यामुळे आपल्याकडे मिळतं ते बहुतेक बाहेरून आलेलं आणि महाग. चांगलं कसं ओळखायचं ते आता कळलंय. रंग फिका हिरवा, वास ताज्या कापलेल्या गवतासारखा, काडी वीतभर तरी लांब आणि मध्ये मध्ये बाजरीच्या कणसाची बाळं वाटावीत अशी बारीक कणसं. पहिल्या कापणीचं जाड आणि काडीदार असतं, दुसऱ्या कापणीचं पानाळ आणि मऊ. दोघींना दुसरं आवडतं.

आवडतं म्हणजे आता. पहिले चार दिवस दोघींनी ते फक्त तुडवलं. घासाची गोडी लागलेली, हे कोण खातंय! स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून रोज वजन करत होते. चिंगी ८४२ ग्रॅमवरून ८१५ वर आली तेव्हा पोटात गोळा आला, कारण हा प्राणी दिवसभर उपाशी राहिला तरी आतडी मंदावतात. मग टिमोथीत चिमूटभर घास मिसळला आणि रोज कमी करत सोळा दिवसांत बंद केला. महिन्याभरात डाग गेले.

मधल्या काळात दोन प्रयोग फसले. भाताचा पेंढा अंथरायला छान, पण खाण्यात कस नाही. वाईहून चुलतभावाने आणलेलं डोंगरी गवत सुंदर दिसत होतं, पण त्यात कुसळं. एक कुसळ भुरीच्या पापणीला चिकटलेलं सापडलं, त्याच दिवशी बंद.

साठवण हा आमच्या पावसातला खरा घोळ. मी आधी हवाबंद डब्यात ठेवत होते, आत घाम धरायचा. आता उशीचा जुना अभ्रा, दोरीने खुंटीला टांगलेला. पावसाळ्यात एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणायचं नाही, मग ऑफर काही का असेनात.

खर्चाचं म्हणाल तर दोघींना किलो बारा-तेरा दिवस पुरतं, पाव भाग तुडवण्यात जातो. म्हणून डिसेंबरपासून निम्मं टिमोथी, निम्मा ओट, म्हणजे ओट्सच्या पिकाचं वाळलेलं गवत. ओट बराच स्वस्त, कॅल्शियम बेताचं, काडी कडक. वाळल्या गवतातून सी जीवनसत्त्व काही मिळत नाही, तेवढी सिमला मिरचीची एक फोड रोज वेगळी.

ओटची एकच तक्रार आहे. भुरी आधी सगळ्या लोंब्या वेचून खाते, काड्या चिंगीसाठी ठेवते. म्हणून आता रात्री लोंब्या मीच काढून घेते आणि सकाळी दोघींच्या पुढ्यात मोजून टाकते.