पायथन ३ : आईच्या वेचणीच्या हिशोबावर पारखलेली

पॉलिटेक्निकला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो होतो. पुढची कोणती घ्यावी? क्लासवाले म्हणाले जावा, मित्र म्हणाला जावास्क्रिप्ट. मी या सगळ्या भाषांना आणि पायथनला एकच काम लावून पाहिलं: आमच्या वावरातल्या कापूस वेचणीचा हिशोब.

आई रोज संध्याकाळी काट्यावर एकेकीचा कापूस मोजते आणि मोबाइलवर मला पाठवते. नाव, स्वल्पविराम, किलो. आकडे देवनागरीत, कारण तिचा हात तसाच वळलेला आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी बायांचा चुकारा करावा लागतो. ज्यांनी दिवसभर उन्हात वाकून वेचलं, त्यांचा एक रुपयाही इकडेतिकडे होता कामा नये.

सीच्या 'एटोएफ'ला, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणाऱ्या आज्ञेला, '४२.५' दिलं, उत्तर आलं शून्य. जावास्क्रिप्टचं 'नंबर' म्हणे, हा आकडाच नाही. जावाचं 'पार्सइंट' ४२ नीट वाचतं, पण 'पार्सडबल' ४२.५ वर अडलं. पायथनच्या 'फ्लोट'ने पहिल्याच फटक्यात साडेबेचाळीस वाचलं! मी तीनदा चालवून पाहिलं.

कारण साधं आहे. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यानुसारच असतो, आणि '४' या चिन्हाची किंमत चार हे त्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याचं, नावसुद्धा 'वजन', 'दर' असं देता येतं. मला हे फार मोलाचं वाटलं.

पैशांसाठी मात्र 'फ्लोट' ठेवू नका. त्यात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. 'डेसिमल' हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार घ्या, तेही देवनागरी आकडे वाचतं.

उणिवाही आहेत. कोडमध्ये थेट ४२ देवनागरीत लिहिलं तर चूक दाखवते. 'कापूस' या शब्दाची लांबी ५ सांगते, कारण काना आणि उकार वेगळे मोजते. त्यामुळे नावांचे रकाने वाकडे येतात. ओळीआधीची जागा एका स्पेसने चुकली तरी प्रोग्राम थांबतो, आणि मोबाइलवर टाइप करताना ती हमखास चुकते.

ब्राउझरमध्ये चालणारं पान करायचं असेल तर जावास्क्रिप्टच शिका. गावातला हिशोब, याद्या, वह्या हे काम असेल तर माझ्याकडून पायथनला पाचपैकी साडेचार.

बेरीज आईच्या वहीशी जुळली. पण उत्तर इंग्रजी आकड्यांत छापलं गेलं, ते तिला वाचून दाखवावं लागलं. या आठवड्यात तेवढं देवनागरीत करतो.