पाच ट्रेचा सेट घेतला, तीनच कामाला आले

आधीच सांगते, हा रिव्ह्यू प्लास्टिकच्या ट्रेचा आहे, ऑफिसात टेबलावर एकावर एक चढवून कागद ठेवतात ना, त्या. एवढ्याशा वस्तूवर एवढं काय लिहायचं असं वाटलं तर सोडून द्या, पण ज्यांचा दिवस कागदात जातो त्यांना कळंल मी का लिहायले.

आमचं सेवा केंद्र सेलूला, एका शटरात. टेबल एक, कॉम्प्युटर दोन, प्रिंटर एक आणि कागद किती ते विचारूच नका. जून लागला की दहावी-बारावीवाले पालक यायलेत, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, जातीचा दाखला, आणि त्याच्याच मागं पेरणी होऊन पीक विमा आणि सातबारा. प्रत्येकाचे झेरॉक्स वेगळे, फॉर्म वेगळा, आणि वर सीलिंग फॅन. फॅन बंद करावा तर पत्र्याखाली जीव जातो, चालू ठेवावा तर एकाचं रेशनकार्ड उडून दुसऱ्याच्या फॉर्मात. दोन वर्षं मी वजनाला दगड ठेवले, खरोखरचे दगड, दुधना नदीतले गोल गोल. मागच्या जूनात एका पोरीची टीसी भलत्याच गठ्ठ्यात गेली अन् तीन दिवस सापडली नाही, तिची माय माझ्यासमोर खुर्चीत बसून रडली. टीसी सापडली, पण त्या रात्री ठरवलं की आता ट्रे घ्यायचेच.

पहिले ट्रे परभणीच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आणले होते, काचेसारखे पारदर्शक. दिसायला एक नंबर. आठव्या दिवशी एक टेबलावरून खाली पडला आणि कोपरा खळकन गेला, दुसऱ्याला आपोआप चीर पडली, जिथं पाय बसतो तिथंच. ते पैसे पाण्यात. मग धाकट्या भावाला फोन लावला. तो वाळूजला मोल्डिंगच्या कारखान्यात मशीनवर आहे, प्लास्टिक म्हणलं की त्याला बोलायला लई आवडतं. तो म्हणला ताई, ट्रे उलटा कर, खाली त्रिकोणात आकडा बघ. बघितलं तर ६. म्हणला ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, ते चकचकीत असतं, ताठ असतं पण ठिसूळ, पडलं की संपलं. तू ५ आकड्याचा घे, पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपटला तरी वाकंल पण फुटणार नाही. आणि त्याच्याच ओळखीच्या एका छोट्या कारखानदाराकडून पाच ट्रेचा सेट घेऊन दिवाळीला रेल्वेनं आला. साडेसहाशे रुपये पडले. कारखान्याचं नाव घेत नाही, माणूस भला आहे आणि खाली मी बरीच नावं ठेवणार आहे.

आता ट्रे कसा आहे. राखाडी रंग, बुडाला जाळीसारखी भोकं, समोरची बाजू उघडी आणि मधी अर्धगोल खाच, म्हणजे अंगठा घालून खालचा कागद ओढता येतो. चार कोपऱ्यांना चार पाय, ते वेगळे येतात, दाबून बसवायचे. वरच्या ट्रेचे पाय खालच्या ट्रेच्या खोबणीत बसतात. बसवताना टक् असा आवाज येतो, तो आला नाही तर बसला नाही समजायचं. पहिल्या दिवशी माझ्या हाताखालच्या पोरीनं आवाज न होताच पाच मजले चढवले आणि प्रिंटर चालू झाल्याबरोबर सगळं डोलायलं. तेव्हा आवाज ऐका.

चांगलं आधी सांगते. फुटला नाही. दोनदा पडला, एकदा एका आजोबांची काठी लागून भरलेला अख्खा मजला खाली आला, ट्रेला काही झालं नाही. ओल्या फडक्यानं पुसला की धूळ जाते, आणि आमच्याकडं काळी माती, ती धूळ कशी असते माहितीच आहे. बुडाची भोकं मला आधी दिखाऊ वाटली, म्हणलं कागदाला भोकं कशाला. भाऊ म्हणला की त्यानं माल वाचतो आणि वजन कमी होतं, आणि दुसरं म्हणजे गुळगुळीत बुडाला कागद चिकटून बसतो, नखानं उचलावा लागतो, भोकं असली की बोट खालून ढकलता येतं. हे मात्र खरंय, करून बघा.

आता तक्रार नंबर एक, आणि हीच सगळ्यात मोठी. लांबी. ट्रे आतून मोजला तर ३२० मिलिमीटर. ए-फोर कागद २९७ चा, तो मस्त बसतो, वर हात घालायला जागा राहते. पण आपल्याकडं नुसता ए-फोर कुठं चालतो? प्रतिज्ञापत्राचा हिरवा लेजर पेपर लीगल साईजचा, तहसीलमधून जुन्या फेरफाराची नाहीतर खासरा पत्रकाची नक्कल आणली की तीही बऱ्याच वेळा लीगलवर झेरॉक्स मारलेली. लीगल कागद ३५६ मिलिमीटर. म्हणजे ट्रेच्या बाहेर साडेतीन सेंटीमीटर जीभ काढून बसतो. त्या जिभेला येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी लागते, माझा पदर लागतो, फॅनचं वारं लागतं, आणि चार दिवसांत कागदाचं टोक कुत्र्याच्या कानासारखं लोंबायला लागतं. शेतकऱ्याला त्या नकलेसाठी चार चकरा माराव्या लागलेल्या असतात हो, त्याचा कान मोडून कसा देऊ मी? कोब्रा फाईल तर आडवीउभी कशीच जात नाही.

मी भावाला म्हणलं चार सेंटीमीटर वाढवायला काय जातं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच कळलं. ट्रे काही कापून चिकटवून होत नाही, पोलादाचा साचा असतो, त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबानं सोडतात, थंड झालं की साचा उघडून ट्रे ढकलून काढतात. साच्याला लाखात पैसे लागतात, एकदा ए-फोरचा केला की त्यातून ए-फोरचाच निघणार. आणि मोठा साचा म्हणजे मोठी मशीन, कारण साचा बंद धरून ठेवायला जोर जास्त लागतो. छोट्या कारखानदाराकडं जी मशीन आहे तिच्यात जेवढा मावतो तेवढाच ट्रे. म्हणजे माझा लेजर पेपर बाहेर का लोंबतो तर वाळूजच्या एका शेडमधली मशीन लहान आहे म्हणून. हसावं का रडावं.

बाजूच्या भिंती सरळ उभ्या का नाहीत, वर जरा फाकलेल्या का, हेही विचारलं. म्हणला सरळ केल्या तर ट्रे साच्यातून सुटणारच नाही, अंशभर तरी उतार द्यावाच लागतो. आणि त्या उताराचा दुसरा फायदा, पाय न बसवता ट्रे एकात एक जातात, वाट्या घालतो तशा. टेम्पोत पाय बसवलेले ट्रे भरले तर गाडीभर हवाच जाईल, भाडं कोण देणार. म्हणून पाय वेगळे. इथं मला कारखानदाराचं डोकं पटलं. पण मग एक पाय हरवला तर? सुटा पाय मिळत नाही, मी विचारलं. पूर्ण ट्रे घ्या म्हणले. हे काही बरोबर नाही, वीस ट्रेमागं चार पाय जास्तीचे टाकायला काय झालं.

तक्रार दोन, पोट सुटणं. मी सगळ्यात वरच्या ट्रेत कोऱ्या कागदाचं रिम ठेवलं, हाताशी राहावं म्हणून. ए-फोर ७५ जीएसएमचं रिम सव्वादोन किलोच्या वर भरतं. दिवाळीपासून मार्चपर्यंत ठीक होतं. एप्रिल-मेमधी आमच्या पत्र्याखाली काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, बाहेर ४२-४३ आणि आत त्याच्याहून जास्त. मे संपता संपता ट्रेचं बूड मधोमध खाली आलं, पोट सुटल्यासारखं. रिम काढून घेतलं तरी पोट तसंच. भाऊ म्हणला पीपीचा स्वभावच तो, फुटत नाही पण कायमचं वजन ठेवलं की हळूहळू वाकतं, आणि उन्हात जास्त. त्याला बुडाखाली पट्ट्या पाहिजेत उभ्या-आडव्या, रिब म्हणतात. आमच्या ट्रेला रिब फक्त कडेनं आहेत, मधी नाहीत. मधी जाड रिब दिली की वरच्या बाजूनं खड्डा दिसतो म्हणून टाळतात, पण बुडाच्या जाडीच्या निम्मी ठेवली तर दिसत नाही म्हणे. मला तर खड्डा दिसला तरी चाललं असतं, ट्रे काय मी नवरीच्या रुखवतात मांडणार नाही.

दोन ट्रे तर नवीन असतानाच किंचित पिळलेले होते, टेबलावर ठेवले की एक कोपरा अधांतरी. पीपी थंड होताना शंभराला दीड-दोन आकसतं, पॉलिस्टायरिन त्याच्या निम्म्याहून कमी. सगळीकडं सारखं आकसलं नाही की पीळ पडतो. घाईत साच्यातून लवकर काढलेला माल असणार हा भावाचा अंदाज. घेताना एकेक ट्रे सपाट फरशीवर ठेवून कोपरा दाबून बघा.

तक्रार तीन छोटी आहे पण रोज डोकं खाते. नाव कुठं लिहायचं? समोर लेबलची जागाच नाही, खाच आहे तिथं पट्टी अर्धी मोडते. मार्करनं लिहिलं, दोन दिवसांत पुसलं. सेलोटेप लावली, उन्हाळ्यात सुटून आली. झटपट चिकटणारा गम लावला, तो सुकून पापुद्र्यासारखा निघाला. पीपीला काहीच चिकटत नाही हे मला नंतर कळलं, तो माल स्वभावानंच तेलकट. शेवटी बुडाच्या भोकातून बारीक तार ओवून पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, वाण्याच्या दुकानात डाळीच्या पोत्याला भाव लटकवतात तशी. दिसायला गावठी, पण आजपर्यंत सुटली नाही.

आता पाचातले तीनच का. याचं श्रेय आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना. मामा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेत. मी पाच ट्रेना पाच नावं दिली होती, उत्पन्न, जात, डोमिसाईल, विमा, इतर. मामा संध्याकाळी येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणले, सूनबाई, तू कागद दाखल्यानुसार लावलेत, कागद कामानुसार लावायचे असतात. सरकारी ऑफिसात सहा गठ्ठा पद्धत असते, चालू कामाचा एक, दुसरीकडून उत्तर यायचंय ते प्रतीक्षेतले एक, ठरल्या मुदतीला पाठवायची नियतकालिकं, कायमचे आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायचे आणि नष्ट करायचे. तुझ्याकडं सहा लागणार नाहीत. आज करायचे, अडकलेले आणि तयार होऊन न्यायचे, एवढे तीन बास. म्हणलं मामा, लोकं दाखल्याचं नाव सांगतात, मी गठ्ठ्याचं कसं शोधू. म्हणले करून तर बघ.

करून बघितलं अन् मामा बरोबर निघाले. आणि त्यातून ट्रेची आणखी एक खोड लक्षात आली. दोन ट्रेमधली जागा साडेपाच सेंटीमीटर आहे. गठ्ठा तीन सेंटीमीटरच्या वर गेला की हात आत जात नाही, मग माणूस वरचा ट्रे उचलतो, आणि एकदा उचलायची सवय लागली की एकावर एक ठेवण्यात अर्थच राहिला नाही. पाच मजले असले की खालचे दोन तर विहिरीसारखे, वाकून बघावं लागतं, जे दिसत नाही ते आपण करत नाही. अडकलेल्यांचा ट्रे मी आधी सगळ्यात खाली ठेवला होता आणि दोन आठवडे त्यात हातच घातला नव्हता. आता तो मधी आहे, डोळ्यासमोर. वरचा ट्रे खालच्यापेक्षा थोडा मागं सरकवून बसवता आला असता, जिन्याच्या पायऱ्यांसारखा, तर तिन्हीतला कागद वरून दिसला असता. त्यासाठी फक्त खोबण्यांची दुसरी जोडी लागंल, दोन इंच मागं.

हे सगळं मी रिमच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, लीगल मावंल एवढा ट्रे बनवून, फोटो काढून कारखानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलं. लेबलची सपाट पट्टीसुद्धा दाखवली आणि समोर जरा वर वळवलेली कड, म्हणजे फॅननं कागद बाहेर येणार नाही. त्यांचा अंगठा आला. मग चार दिवसांनी मेसेज आला की मॅडम, लांबीचं अवघड आहे, पण लेबलची पट्टी पुढच्या वेळी साचा दुरुस्तीला काढला की बघतो. बघू.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार. कॉलेजच्या किंवा दवाखान्याच्या काउंटरवर जिथं नुसता ए-फोर चालतो तिथं डोळे झाकून घ्या. वकील, बॉण्ड रायटर, सेवा केंद्रवाले यांनी घेऊ नका, निदान लांबी मोजल्याशिवाय तरी नको. दुकानात जाताना एक लेजर पेपर घडी न घालता सोबत न्या आणि ट्रेत टाकून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. रिम त्यात ठेवू नका, आणि ऊन येतं त्या खिडकीत तर ट्रे ठेवूच नका.

उरलेल्या दोनातला एक मामांनी नेला, औषधाच्या गोळ्या आणि पेपर ठेवायला. पोट सुटलेला मी घरी ओट्यावर ठेवलाय, त्यात कोथिंबीर निथळते, भोकं आहेत ना.