लाल मुरमावरचा आंतरकॉलेज सामना: बॉल कोणता, बूट कोणते

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे दिवस जवळ आले की बेळगावातल्या कॉलेजांच्या संघांत पहिला वाद होतो तो चार बॅक (बचावपटू) ठेवायचे की तीन, यावर. शेजारच्या कॉलेजशी गाठ असेल तर तो वाद आठवडाभर चालतो. आमचं मत असं की हा सामना आधी टप्प्यावर ठरतो आणि मग फॉर्मेशनवर, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीवर. इथली बरीच मैदानं लाल मुरमाची आहेत. त्यांच्यावर बॉल किती उसळतो आणि धावता धावता वळताना बूट पाय धरून ठेवतो की सोडतो, या दोन गोष्टींवर अर्धा खेळ जातो. म्हणून या सामन्याकडे सामानाच्या बाजूने बघतो आहोत. खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला खेळाच्या दुकानात जो माल सहज मिळतो, त्यातलं या मातीवर काय टिकतं ते पाहू.

दुकानात पाच नंबरचा बॉल मागितला की चार जातींचे बॉल समोर येतात. सर्वांत स्वस्त तो साच्यातून काढलेला, बिनशिवणीचा रबरी बॉल. त्याच्या वर हातशिलाईचा रबराइज्ड, म्हणजे रबरी कातडीचा, ३२ पाकळ्यांचा बॉल. निव्हिया स्टॉर्म हे या वर्गातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. तिसरा पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) मऊ कातडीचा, तोही हातशिलाईचाच. चौथा शिलाईऐवजी उष्णतेनं चिकटवलेल्या पॅनेलांचा (पाकळ्यांचा), महागडा. दुसऱ्या-तिसऱ्या जातीचा बहुतेक माल जालंधर आणि मेरठकडून येतो.

मुरमाड मैदानासाठी आमचा कौल दुसऱ्या जातीला आहे, रबराइज्ड शिलाईच्या बॉलला. कारण सरळ आहे. मुरमाचे दाणे धारदार असतात. पीयूची वरची कातडी पातळ असल्याने त्यावर आधी बारीक ओरखडे उठतात, मग शिवणीलगतची कड फुलते, दोरा उघडा पडतो आणि घासून तुटतो. एकदा दोरा उघडा पडला की पावसाळी मैदानात पाणी आतल्या कापडी अस्तरात शिरतं आणि बॉल जड होतो. रबराइज्ड कातडी जाड आणि चिवट असते, शिवण खोल बसलेली असते, त्यामुळे हाच घसारा ती कितीतरी जास्त दिवस सोसते. साधारण पाचशे ते आठशे रुपयांत एक बॉल येतो. पीयूच्या एका बॉलच्या पैशांत दोन येतात, आणि सरावाला दोन बॉल असणं एका भारी बॉलपेक्षा केव्हाही उपयोगाचं.

याचे तोटेही आहेत. रबराइज्ड बॉल डोक्याला कडक लागतो. पायावर पीयूसारखा बसत नाही, लांब पास थांबवताना वीतभर पुढे सुटतो. कडक जमिनीवर तो जास्त उसळतो, आणि मुख्य अडचण तीच. म्हणून ज्या संघाचा खेळ छोट्या पासवर आहे त्यानं सामन्याच्या किमान आठवडाभर आधी त्याच जातीच्या बॉलवर सराव करायला हवा. रात्री ताशी भाड्याच्या कृत्रिम टर्फवर मऊ बॉलनं खेळून सकाळी मुरमावर सामन्याला उतरणाऱ्या संघाला पहिली पंधरा-वीस मिनिटं बॉल नुसता पकडण्यातच घालवावी लागतात. अटीतटीच्या सामन्यात तेवढ्यात एक गोल बसलेला असतो.

साच्यातला रबरी बॉल सामन्यासाठी घेऊ नये. तो रबरासारखा टणाटण उसळतो, वाऱ्यावर भरकटतो आणि पंक्चर झाला की दुरुस्त होत नाही. शिलाईच्या बॉलचं तसं नाही. चार-सहा टाके उसवून आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, बदलून देणारा कारागीर सापडला तर जुना बॉल आणखी एक हंगाम चालतो. चिकटवलेल्या पॅनेलांचा बॉल गवतावर फार सुंदर खेळतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गवतावर त्याचं चीज होईल, इथल्या मुरमावर मात्र पैसे वाया.

दुकानात बॉल निवडताना नुसता दाबून पाहून घेऊ नका. नियमानुसार पाच नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवं. शिंप्याची टेप आणि किराणा दुकानातला डिजिटल काटा, एवढ्यावर दोन्ही तपासता येतं. हवा भरूनच घेर मोजा, आणि दोन दिशांनी मोजा. दोन्ही मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर बॉल गोल नाही, तो परत द्या. मग बादलीभर पाण्यात बॉल हलकेच सोडा. तो गिरकी घेऊन व्हॉल्व्हची बाजू सपकन खाली नेत असेल तर तोल चुकलेला आहे आणि हवेत तो डगमगणार. मंद गतीनं थोडा फिरला तर हरकत नाही. अंगठ्यांनी शिवण दोन्ही बाजूंना ताणून बघा, पांढरा दोरा सहज दिसायला लागला तर टाके ढिले आहेत. शेवटी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. बुडबुडा आला की तो बॉल बाजूला.

फिफाचा शिक्का बघून जास्त पैसे मोजावेत का? या शिक्क्याचे तीन दर्जे आहेत: बेसिक, क्वालिटी आणि क्वालिटी प्रो. प्रोच्या चाचणीत दोन मीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १५५ सेंटिमीटर उसळला पाहिजे आणि तीन दिवसांत त्याचा दाब २० टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये. या चाचण्या चोख आहेत, पण त्या प्रयोगशाळेतल्या. मुरमावर किती महिने कातडी टिकेल हे त्या सांगत नाहीत. कॉलेजच्या जिमखान्याचं बजेट बेताचं असेल तर शिक्क्यापेक्षा वरच्या बादलीच्या चाचणीवर भरवसा ठेवा.

आता हवा. इथं सर्वांत जास्त चुका होतात. नियमात दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर सांगितला आहे, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). पट्टा मोठा आहे आणि खेळ त्याच पट्ट्यात बदलतो. १२-१३ पीएसआयचा रबराइज्ड बॉल वाळलेल्या मुरमावर दुसऱ्या टप्प्याला बॅकच्या डोक्यावरून जातो. उंच स्ट्रायकरकडे मागून लांब किक टाकणाऱ्या संघाला ते सोयीचं. ९ पीएसआयला तोच बॉल कमरेच्या आसपास राहतो आणि जमिनीवरचे पास जुळतात. दाब नियमात आहे की नाही हे रेफ्री बघतो, पण त्या पट्ट्यात तो ९ ठेवावा की १२, हे सामन्याआधी शांतपणे बोलून घेता येतं. पास खेळणाऱ्या संघाच्या कॅप्टननं हे जरूर बोलावं. बॉल सहसा यजमान कॉलेज देतं, तेव्हा कोणता बॉल, किती दाब, हे दोन दिवस आधी तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकांना विचारून ठेवा.

हवा सकाळी गारव्यात भरून ठेवू नका. सकाळी १८ अंशांना ९ पीएसआय भरलेला बॉल दुपारी ३२ अंशांत १० दाखवतो, उन्हात पडून राहिला तर आणखी जास्त. सामन्याच्या अर्धा तास आधी, मैदानावर, सावलीत तपासा. उंचीचाही फरक पडतो, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. इथं ९ पीएसआय भरलेला बॉल घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्यात खेळायला गेलात तर खालच्या जड हवेमुळे तोच बॉल पावणेआठच्या आसपास दाखवेल, म्हणजे नियमाच्याही खाली. गोव्याहून भरून आणलेला बॉल इथं उलट ताठ होतो.

भरण्याची रीत अशी. पिन ग्लिसरीनच्या थेंबात ओली करा, बॉल दोन गुडघ्यांत धरा आणि पिन सरळ, हलकेच फिरवत आत सोडा. कोरडी पिन व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग बॉल रोज संध्याकाळी बसतो. तिरकी घुसवलेली पिन ब्लॅडरलाच टोचते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर फुटबॉल कधीच भरू नका. तिथं हवा एका झटक्यात घुसते, शिवण ताणली जाते, आणि टायरच्या मीटरचा काटा ८-१० पीएसआयच्या टोकाला नीट बोलत नाही. काटा असलेला हातपंप एकदाच घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. बुटांवर जेवढं घासाघीस करता तेवढीच याच्यावर करा, पण घ्या.

सामना झाला की बॉल ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. नळाखाली धरू नका. पुढचे काही दिवस खेळणार नसाल तर दाब पाच-सहावर उतरवून ठेवा, आणि स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका.

बुटांचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण इथं चूक झाली तर बॉल नाही, गुडघा जातो. दुकानात बहुतेक बूट एफजी म्हणजे टणक पण गवताळ मैदानासाठीचे असतात. त्यातले पात्यासारख्या चपट्या स्टडचे (तळाला पकडीसाठी असलेल्या खुंट्यांचे) बूट मुरमावर घेऊ नयेत. कडक जमिनीत स्टड घुसत नाही, टोकावर उभा राहतो. सगळं वजन चवड्याखालच्या दोन-तीन बिंदूंवर येतं आणि तळवा भाजल्यासारखा दुखतो. आणि जिथं भुसभुशीत जागा मिळून पातं रुततं, तिथं वळताना पाऊल अडकतं नि गुडघा फिरतो. स्क्रूचे अ‍ॅल्युमिनियम स्टड तर इथं आणूच नयेत, ते मऊ चिखलाच्या गवतासाठी आहेत.

वाळलेल्या मुरमासाठी दोन पर्याय बरे. एक टीएफ, म्हणजे तळाला बारीक रबरी गाठींची जाळी असलेला बूट. दुसरा, गोल, आखूड आणि संख्येनं जास्त स्टड असलेला, साच्यातला बूट. बारा-तेरा स्टड असतील तर वजन नीट वाटलं जातं. सामना सप्टेंबर-ऑक्टोबरात असेल आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर टीएफ सोडा. मुरूम पाणी लवकर पितो, पण वर लाल गाळाचा पातळ थर राहतो आणि त्यावर टीएफ साबणावर पाय ठेवल्यासारखा घसरतो. तेव्हा गोल स्टडच कामाला येतात. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे सामना असेल तर गणितच वेगळं. तिथली काळी माती ओली झाली की स्टडांच्या मधल्या फटीत भरून बसते, दहा मिनिटांत बुटाचा तळ सपाट होतो. खिशात नाही, पण बदली खेळाडूंच्या बाकावर एक बांबूची काडी आणि जुना ब्रश ठेवा, बॉल बाहेर जाऊन थ्रो-इन होताना कुणी तरी माती काढून देऊ शकतो. हीच काळी माती वाळली की भेगाळते. भेगेत स्टड अडकू नये म्हणून तिथं टीएफ जास्त सुरक्षित.

माप संध्याकाळी, फुटबॉलचे जाड मोजे घालून घ्या. पुढच्या टोकाला पाच ते आठ मिलिमीटर जागा सुटावी, टाच अजिबात उचलली जाऊ नये. स्वस्त बुटांत पहिली सुटते ती चवड्याच्या वाकणाजवळची कड, कारण तिथं नुसता डिंक असतो. नवा बूट घेतल्याबरोबर मोच्याकडून कडेनं नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. थोडक्या पैशांत बुटाचं आयुष्य दुप्पट होतं. कड आधीच उघडली असेल तर नुसतं चिकटवून भागत नाही. आत गेलेली माती पूर्ण काढून, दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासून, सिंथेटिक रबराचा डिंक दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचा, चोवीस तास वजनाखाली ठेवायचा आणि मग शिलाई. सामन्याच्या आदल्या दिवशी हे होत नाही. नवे बूट थेट सामन्यात घालू नका, अर्ध्या-पाऊण तासाचे तीन-चार सराव त्यांत झालेले असावेत.

शिनगार्डशिवाय, म्हणजे नडगीवरच्या कवचाशिवाय, रेफ्री मैदानात घेणार नाही. साधे प्लास्टिकचे चालतात, फक्त आतून फोम हवा आणि मोज्यांनी ते पूर्ण झाकलेले हवेत. मोज्यांवरून टेप मारत असाल तर ती मोज्याच्याच रंगाची घ्या, पांढऱ्या टेपवरून ऐन वेळी वाद होतो. हातातले कडे, कानातलं, गळ्यातली साखळी काढावीच लागते, वर टेप चिकटवून चालत नाही.

यजमान कॉलेजसाठी दोनच गोष्टी. रेषा मारायला कळीचा चुना वापरू नका. गोलरक्षक त्यावर झेपावतो, ओला चुना डोळ्यात आणि खरचटलेल्या जागी भाजतो. साधी फक्की वापरा. आणि सामन्याच्या तासभर आधी टँकरनं पाणी मारायचं असेल तर दोन्ही गोलांसमोर सारखंच मारा, नाहीतर एका अर्ध्यात बॉल बसेल आणि दुसऱ्या अर्ध्यात उसळेल.

सामन्याला दुसरा बॉल त्याच जातीचा, तेवढ्याच दाबाचा भरून बाजूला ठेवलेला असावा. बॉल खेळात असताना फुटला तर रेफ्री खेळ थांबवून नव्या बॉलनं ड्रॉप बॉल देतो, म्हणजे बॉल हातातून जमिनीवर सोडून खेळ पुन्हा सुरू करतो. त्या वेळी हाती आलेला बॉल १३ पीएसआयचा ताठ असेल तर उरलेला सामना वेगळाच होतो, म्हणून मध्यंतरातही दोन्ही बॉलांचा दाब पुन्हा एकदा पंप लावून बघून घ्या.