फोटॉनिक क्रिस्टल फायबर: तीन ऋतू वापरल्यानंतर

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये टायटेनियम-सफायर लेझरपुढे नॉनलिनियर फोटॉनिक क्रिस्टल फायबरचा हातभर तुकडा लावून पांढरा प्रकाश काढायला लागलो, त्याला आता हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू झाले. घेण्याआधी मी कुणाचा तरी वापरून झाल्यावरचा अनुभव शोधत होते. सापडले ते शोधनिबंध आणि कंपन्यांची माहितीपत्रके. शोधनिबंधात फायबरचे टोक कसे जपावे हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

निकाल आधीच सांगते. फायबरबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात प्रकाश शिरवण्याच्या आणि तो शिरलेला ठेवण्याच्या कामाबद्दल, आणि त्या कामाला लागणारा वेळ कुणी किमतीत धरत नाही याबद्दल.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे. घरी इंटरनेट आणणाऱ्या फायबरमध्ये गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळून तिचा अपवर्तनांक किंचित वाढवलेला असतो. इथे काच एकच, शुद्ध सिलिका. गाभ्याभोवती हवेची बारीक भोके षट्कोनी मांडणीत फायबरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, त्यांच्यामुळे बाहेरच्या भागाचा सरासरी अपवर्तनांक उतरतो आणि प्रकाश मधल्या भरीव काचेत राहतो. बनवताना मिलिमीटरभर जाडीच्या काचनळ्या रचून त्यांची मोळी बांधतात, मधल्या जागी नळीऐवजी भरीव कांडी ठेवतात, आणि सगळे भट्टीत तापवून ओढतात. फिलिप रसेल यांना ही कल्पना १९९१ च्या सुमारास सुचली. नाइट, बर्क्स आणि ॲटकिन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पहिले चालणारे फायबर १९९६ मध्ये दाखवले. मूळ मनसुबा पोकळ गाभ्यातून, फोटॉनिक बँडगॅपच्या (भोकांच्या नियमित रचनेतून ठरावीक रंगांना बाहेर पडू न देण्याच्या) जोरावर प्रकाश नेण्याचा होता. पहिल्या फायबरची भोके त्यासाठी फारच लहान निघाली, पण भरीव गाभ्याचे ते फायबर भलत्याच गुणाचे ठरले: भोकाचा व्यास दोन भोकांमधल्या अंतराच्या सुमारे ०.४ पटीहून कमी ठेवला, तर कुठल्याही तरंगलांबीला एकच मोड, म्हणजे प्रकाशाची फायबरमधून जाण्याची एकच ठरावीक आकृती, चालतो. पोकळ गाभा १९९९ मध्ये जमला.

आमचे फायबर मात्र त्या ‘कायम एकमोडी’ जातीचे नाही. दुकानदार दोन्हींना सरसकट पीसीएफ (फोटॉनिक क्रिस्टल फायबरचे लघुरूप) म्हणतात आणि नवा माणूस फसतो. आमच्यात भोके मोठी आणि गाभा २ मायक्रॉनपेक्षाही लहान आहे. याचे दोन परिणाम होतात. एक, प्रकाश इतक्या अरुंद जागेत कोंबला जातो की काचेचा अरेषीय (नॉनलिनियर) स्वभाव जागा होतो, म्हणजे तीव्र प्रकाशातून नवे रंग तयार होऊ लागतात. दुसरा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साध्या सिलिकाचे अपस्करण, म्हणजे रंगागणिक वेग वेगळा असल्याने पल्स (प्रकाशाचा क्षणिक ठोका) पसरण्याचे प्रमाण, १.२७ मायक्रॉनच्या आसपास शून्य होते, ते इथे ७५० नॅनोमीटरच्या जवळ येते, म्हणजे आमच्या ८०० नॅनोमीटरच्या लेझरच्या शेजारी. २००० साली बेल लॅब्जमधल्या रांका, विंडेलर आणि स्टेंट्झ यांनी अशाच ७५ सेंटीमीटर फायबरमधून सुमारे ४०० ते १६०० नॅनोमीटरचा पट्टा काढला. त्याच वर्षी त्या पट्ट्याच्या आधाराने फ्रिक्वेन्सी कोम्ब (समान अंतरावरच्या असंख्य वारंवारितांची, प्रकाश मोजायची पट्टी) स्वतःलाच पडताळू लागला. हॉल आणि हेन्श यांच्या २००५ च्या नोबेलमागे कोम्बचेच काम आहे. पांढरा प्रकाश काचेच्या ठोकळ्यातूनही १९७० पासून काढत होते, पण त्याला कितीतरी मोठ्या ऊर्जेचे पल्स लागत. इथे नॅनोजूलवर भागते.

आता रोजचे काम. लेझर ८० मेगाहर्ट्झचा, पल्स शंभरेक फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). सरासरी ३०० मिलिवॅट आत गेले तर पल्सचा कमाल पॉवर सुमारे ३७ किलोवॅट, आणि गाभ्याचे क्षेत्रफळ लक्षात घेता चौरस सेंटीमीटरला एक टेरावॅटच्या वर. हा झोत ऑब्जेक्टिव्हने (सूक्ष्मदर्शीच्या भिंगाने) २ मायक्रॉनच्या गाभ्यावर टेकवायचा. निम्मा प्रकाश आत गेला तर आमच्याकडे तो दिवस चांगला समजतात. कपलिंग (प्रकाश गाभ्यात शिरवण्याची जुळणी) टिकत का नाही याचे गणित सोपे आहे. पाच सेंटीमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा पोस्ट एक अंश तापला की मायक्रॉनभर वाढतो, म्हणजे गाभ्याच्या निम्म्याहून जास्त. त्यामुळे लॅबचा एसी रात्री बंद करायचा की नाही यावर आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. आता तो चालूच असतो, लेझरही सकाळी लवकर सुरू करून टेबल स्थिरावू देतो आणि मगच स्क्रूला हात लावतो. एप्रिलमध्ये दुपारी वीज जाऊन आली की त्या दिवसाचे मोजमाप गेले असे समजायचे.

फॅरडे आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वेगळा घ्यावा लागेल, हे बजेटमध्ये आधीच धरा. फायबरच्या टोकावरून परतलेला प्रकाश लेझरमध्ये शिरला की मोड-लॉक (लेझरला पल्स देत ठेवणारी आतली लय) तुटतो, आणि तुटतो तो नेमका कपलिंग उत्तम जुळल्यावर, कारण तेव्हाच परतीची वाटही उत्तम जुळलेली असते. आयसोलेटरच्या काचेत पल्स रुंदावतो. त्यावर प्रिझमची जोडी लावून पल्स पुन्हा आवळता येतो, आम्ही ती लावलेली नाही. पट्टा थोडा आखूड चालतो आम्हाला.

टोकाची निगा हा खरा विषय. साध्या फायबरचे टोक आपण आयसोप्रोपिल अल्कोहोलने बिनधास्त पुसतो. इथे तसे करायचे नाही. भोके उघडी असतात, केशाकर्षणाने द्रव आत चढतो आणि मग तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. धूळ बसली असेल तर नव्याने क्लीव्ह करा, म्हणजे टोक सपाट तोडून घ्या. धुळीच्या कणावर हा झोत पडला की टोक जळते आणि पट्टा एकदम मिटतो, हळूहळू वगैरे नाही. दर वेळी एखादा सेंटीमीटर जातो, पण त्याचे दुःख करू नये. फेम्टोसेकंद पल्सचा पसारा बहुतेक पहिल्या काही सेंटीमीटरांतच होऊन जातो, फायबर आखूड झाल्याने फारसे बिघडत नाही. पावसाळ्यात दमट हवा भोकांत शिरते आणि १३८० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचा खड्डा खोल होत जातो. आम्ही दृश्य प्रकाशात काम करतो म्हणून निभावले. तुम्ही जवळच्या अवरक्तात मोजत असाल तर उघड्या टोकाच्या वाट्याला जाऊ नका.

हे सगळे सोसून मिळते काय? पॉवर हळूहळू वाढवत नेला की पलीकडच्या कागदावर आधी पंपाचा (म्हणजे मूळ लेझरचा) मंद लाल ठिपका असतो, मग हिरवट-पिवळा उमटतो, मग निळा येऊन मिळतो आणि ठिपका पांढरा होतो. स्पेक्ट्रोमीटरवर आणखी मजा असते. पल्स फुटून सॉलिटॉन (आकार न बदलता धावणारे छोटे पल्स) वेगळे होतात आणि अवरक्ताकडे घसरत जातात. ही घसरण घडवतो तो रामन परिणाम, १९२८ मध्ये कोलकात्यात सापडलेला तोच. नव्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विज्ञान दिनाचे भाषण ऐकवण्यापेक्षा मी हा आलेख दाखवते. सॉलिटॉन लांब तरंगलांबीकडे जाताना दुसऱ्या बाजूला निळसर प्रकाशही ढकलला जातो. पट्ट्याची ही दोन टोके गट-वेगाने (पल्स पुढे सरकण्याच्या वेगाने) एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून निळे टोक वाढवायचे तर भोकांची रचना बदलावी लागते, नुसता पॉवर वाढवून ते फार पुढे जात नाही.

आमचा उपयोग सोन्याच्या एकेका नॅनोकणाचा विकिरण-पट्टा, म्हणजे तो कण कोणता रंग किती विखुरतो हे, मोजण्याचा. हॅलोजन दिव्यात सगळे रंग असतात, पण तो इतक्या लहान ठिपक्यावर एकवटता येत नाही. लेझर एकवटतो, पण रंग एकच. इथे दोन्ही एकत्र मिळतात, कारण सगळे रंग एकाच २ मायक्रॉनच्या गाभ्यातून बाहेर पडतात. पूर्वी एका कणाला पाच-सात मिनिटे लागत, आता काही सेकंद पुरतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शीत हवा तो रंग निवडायला आणि डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीच्या संशोधनात हेच स्रोत वापरतात, ते याच कारणाने.

मात्र गोंगाट आहे, आणि तो माहितीपत्रकातल्या गुळगुळीत आलेखात दिसत नाही. तो आलेख असंख्य पल्सची सरासरी असतो. प्रत्यक्षात एकेका रंगात पल्सागणिक तीव्रता हलते, कारण लेझरमधली अगदी बारीक चढउतारही फायबरमध्ये मोठी होऊन बाहेर येते. विकिरण मोजताना चालून जाते. शोषणातला हजारांश फरक मोजायचा असेल तर झोताचा एक भाग संदर्भासाठी वेगळा काढून वजाबाकी केल्याशिवाय हाती काही लागणार नाही. सर्व तरंगलांब्यांना अपस्करण एकाच चिन्हाचे ठेवणारी फायबरही मिळतात. त्यांचा पट्टा अरुंद पण बराच शांत असतो. मोजमाप नाजूक असेल तर मी तिकडे वळेन.

नंतर आम्ही टोके वितळवून बंद केलेले, धातूच्या नळकांड्यात बसवलेले मोड्यूलही घेतले. टोकाशी भोके मिटवलेली असल्याने प्रकाश तिथे पसरतो, काचेच्या पृष्ठभागावरचा ताण कमी होतो, आणि टोक नेहमीसारखे पुसता येते. कामात जमीन-अस्मानाचा फरक पडला. पण काही महिन्यांत निळ्या बाजूचा पॉवर उतरू लागला. अशा तीव्रतेखाली काच हळूहळू काळवंडू शकते, हे ठाऊक असलेले दुखणे आहे. विक्रेत्याला कळवल्यावर ‘ही खपाऊ वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर आले. ही गोष्ट कोटेशनमध्ये कुठेही नव्हती. खरेदी समितीपुढे जाण्याआधी हे लेखी विचारून घ्या. आयातीला लागणारा वेळही धरा, एक सुटे फायबर पहिल्याच ऑर्डरमध्ये टाका. कोलकात्याच्या सीजीसीआरआय या काच व सिरॅमिकच्या केंद्रीय संशोधन संस्थेत अशा फायबरवर काम झालेले आहे, तुमचा प्रकल्प संशोधन-सहकार्याचा असेल तर तिकडे विचारायला हरकत नाही.

लॅबमध्ये फेम्टोसेकंद लेझर नसेल तर माझ्यासारखे जुळवत बसू नका. १०६४ नॅनोमीटरच्या फायबर-लेझरवर चालणारा तयार पांढरा लेझर घ्या, आतले फायबर याच जातीचे, पण त्या तरंगलांबीसाठी घडवलेले असते आणि बटण दाबले की प्रकाश येतो. लेझर आधीच असेल आणि हाताशी धीराचा पीएचडी विद्यार्थी असेल तर उघडे फायबर स्वस्तात पडते. पोकळ गाभ्याच्या फायबरच्या बातम्या वाचून कुणी ते मागवायला निघाले असेल तर थांबा. २०२५ मध्ये साउथॅम्प्टनच्या गटाने किलोमीटरला ०.०९१ डेसिबल इतकी कमी हानी दाखवली ती दूरसंचारासाठी मोलाची आहे, पण त्या फायबरमध्ये प्रकाश हवेतून जातो, म्हणून त्यात असा पट्टा सहज निघत नाही. आणि तिथे प्रकाश धरून ठेवतात त्या काचेच्या पातळ भिंती, क्रिस्टलसारखी भोकांची मांडणी नव्हे.

चष्म्याचे राहिले. ८०० नॅनोमीटरचा लेझर-चष्मा फायबरच्या अलीकडे कामाचा, पलीकडे जवळपास निरुपयोगी. पलीकडे सगळेच रंग आहेत, आणि सगळे रंग अडवणारा चष्मा घातला तर काहीच दिसणार नाही. शिवाय पॉवरचा मोठा वाटा अवरक्तात असतो, डोळ्याला ठिपका सौम्य भासतो आणि माणूस वाकून बघायला जातो. आम्ही फायबरनंतरचा सगळा मार्ग काळ्या ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद केला आहे, अवरक्त भाग आरशाने वेगळा काढून बीम डंपमध्ये (झोत शोषून घेणाऱ्या ठोकळ्यात) सोडला आहे, आणि झाकण उघडले की शटर पडते. पेटी वर्कशॉपमधून करून घेतली, फायबरच्या मानाने खर्च किरकोळ.